हात सैल सोड

रासनेमामा दुकानातल्या उरलेल्या काचेच्या बांगड्या खोक्यात भरत होते, तेवढ्यात मृण्मयी समोरच्या पाटावर येऊन बसली. सातवा महिना होता तिला. दोन्ही मनगटांत हिरवागार चुडा होता; घरच्या यंत्रानं मनगटाभोवतीच काच विणून घडवलेला. हल्ली सगळ्याच बायका तसाच चुडा करत. म्हणून तर पेठेतलं हे शेवटचं कासाराचं दुकान आज बंद होत होतं.

"मामा, एक बांगडी भरा."

"अगं, हात भरलेत की तुझे. आणि माप तरी किती नेमकं!"

"तरी भरा."

मामांनी तिचा हात हातात घेतला. लाकडासारखा ताठ होता. सवयीनं ते म्हणाले, "घाबरू नको. हात सैल सोड." अंगठा आत दाबत त्यांनी बांगडी अलगद चढवली.

मृण्मयीचे डोळे भरून आले.

"दुखलं का गं?"

"नाही मामा. यंत्र रोज माझी नाडी बघतं. पण घाबरू नको, असं कुणी म्हणालंच नव्हतं."

मामांनी खोक्यात भरलेल्या बांगड्या पुन्हा बाहेर काढल्या.

"एकाच हातात भरून कसं चालेल? दुसरा दे."