सवतीसाठी पिशवी

“नुसती न्यायला हवी, की कायमची ठेवायला?” दुकानदारानं विचारलं.

काउंटरवर तीन लांब पिशव्या आडव्या पडल्या होत्या. तिनं पर्समधून गाठ मारलेली सुतळी काढली आणि पहिल्या पिशवीला लावून पाहिली. बाबांची दुनळी बंदूक घरी कातडी पेटीत होती. पेटीची लांबी तिनं सुतळीवर घेतली होती, पण पेटी उघडायचा धीर झाला नव्हता.

“नुसती न्यायला. उद्या पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायची आहे.” तिनं परवाना, मृत्यूचा दाखला आणि ठाण्याचं पत्र पुढे ठेवलं. “फक्त पिशवी बंदुकीची वाटता कामा नये.”

“मग काळी नकोच. काळं आणि लांब दिसलं की लोक मान वळवून बघतात.” त्यानं सुतळी हातात घेतली आणि हसला. “आणि एवढी लांबी कशाला, ताई? दुनळी सुटी होते. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. ही राखाडी न्या. खेळायला निघालात असं वाटेल. लपवायची कुणापासून, गल्लीपासून?”

“आईपासून,” ती म्हणाली.

गल्लीला त्या पेटीचं काही नवल नव्हतं. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी सकाळी पेटी खांद्याला अडकवून नेमबाजीच्या मैदानावर जायचे. समोरचा न्हावी दारातून ओरडायचा, “मास्तर, आज वाघ की सिंह?” हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या सोडल्या, तर बाबांनी जन्मात कशाचा जीव घेतला नव्हता. दुपारी ते बंदूक तेलानं पुसत बसायचे आणि आई स्वयंपाकघरातून भांडी आदळत म्हणायची, “पुसा, पुसा. करा माझ्या सवतीचे लाड!” पुढे घरात बंदुकीचं नावच सवत पडलं.

मग बाबांचे हात थरथरू लागले. मैदान सुटलं. ती दुसऱ्या शहरातून फोन करायची आणि विषय हलका करायला विचारायची, “सवत काय म्हणते?”

“मजेत आहे. बडदास्त अगदी चोख आहे तिची,” बाबा सांगायचे. ती हसायची. ज्याला चहाचा कप धरवत नाही, तो माणूस दुसरं काय बोलणार?

दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले. ती आली आणि राहिली. आई चारचौघांत रडली नाही, लेकीसमोरही नाही. रविवारी मात्र जेवणं आटोपली की “जरा पडते गं” म्हणून खोलीचं दार लावून घ्यायची. चांगली तासभर. पहिल्या रविवारी ती चहा घेऊन दारापर्यंत गेली आणि तशीच परतली. रडू दे, तिला वाटलं. पेटी त्याच खोलीतल्या कपाटात होती. ठाण्याचं पत्र आलं तेव्हा तिनं ते आईला दाखवलं नाही. जेवढं गेलं तेवढं पुरे होतं. आणखी एक वस्तू घराबाहेर जाताना आईला बघावी लागू नये, एवढंच तिला साधायचं होतं.

“आत्ता कशात आहे?” दुकानदार पावती करताना म्हणाला.

“जुन्या पेटीतच. बाबांना उचलवेना तेव्हापासून. दोन वर्षं झाली.”

त्यानं जिभेनं चक् केलं. “पेटीचं अस्तर दमट हवा धरून ठेवतं. बंदूक पेटीतून न्यायची असते, पेटीत ठेवायची नसते. दोन वर्षं हात लागला नसेल, तर गंजलीच समजा. मन घट्ट करून उघडा.”

दुपारी आई दाताच्या डॉक्टरकडे गेली. तिनं पेटी पलंगावर घेतली, खटके वर केले आणि क्षणभर डोळे मिटून झाकण उघडलं.

गंज नव्हता. कुठेच नव्हता. नळ्यांवर तिचा चेहरा लांबट, बारीक दिसत होता. तेलाचा ताजा वास आला. कडेला फडक्याची घडी होती, निळ्या चौकटीची. बाबांच्या शेवटच्या आजारपणातला उशीचा अभ्रा. बाबा गेल्यावर तो तिनंच धुऊन, वाळवून कपाटात ठेवला होता.

ती बराच वेळ त्या फडक्याकडे बघत राहिली. मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि ती घाईघाईनं बंदूक सुटी करायला लागली. नळ्या दस्त्यापासून निघेनात. ओढून बघितलं, पिळून बघितलं.

“अगं, ओढून नाही निघायची ती.”

आई दारात उभी होती. एक गाल सुजलेला, शब्द अर्ध्या तोंडातून येणारे. तिनं राखाडी पिशवीकडे पाहिलं, मग शेजारी पडलेल्या पत्राकडे.

“आई, मी तुला सांगणारच होते...”

आई आत आली. पलंगावर बसली, बंदूक मांडीवर घेतली. पुढची लाकडी मूठ अंगठ्यानं सोडवली. वरची कळ सरकवून बंदूक मधोमध दुमडली, दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे बघितलं, रिकाम्या असल्याची खात्री केली आणि नळ्या अलगद उचलून घेतल्या. हे सगळं करताना तिचं हाताकडे लक्षही नव्हतं. मग निळ्या फडक्यात नळ्या गुंडाळून तिनं पिशवीत निजवल्या, दस्ता शेजारी ठेवला आणि चेन सावकाश ओढली.

“उद्या मीही येते,” आई म्हणाली. “ठाण्यातल्या माणसाला नीट समजावून सांगायला हवं. दर रविवारी हिला तेल लागतं.”