भिंतीवरचा आलेख

शेत घेऊन तीन महिने झाले होते. कोंबड्या नऊ, अंडी रोज तीन. बाबा मुठीनं दाणे टाकायचे.

"बाबा, असल्या अंदाजपंचे कारभारानं अंडी मिळतात होय?" मी पाहुण्यांसमोर म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून दाणे ग्रॅमवर मोजून घालू लागले. आठवड्याभरात अंडी सात झाली. मी आलेख काढून भिंतीला चिकटवला. येईल त्याला बाबा तो दाखवायचे. "लेक हुशार आहे हो माझी!"

आज बाबा आत्याकडे गेले. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हाक मारली.

"अगं, बाबा बरे आहेत ना? त्यांची रोजची सहा अंडी काढून ठेवलीत मी. पहाटे न्यायला आलेच नाहीत."

मी खुराड्यात हात घालून अंडी मोजली.

एक.