चपला काढू नका

“चपला काढू नका, पाव्हणं! तशाच या आत,” सारजाबाई दारातूनच ओरडल्या.

घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. याच बाईनं तापानं फणफणत असताना डॉक्टरला आधी बूट बाहेर काढायला लावले होते.

पण आज नातीचं लग्न जुळायचं होतं. प्रांजली बुटकी. तेवढ्यावरून आधीची स्थळं चहा पिऊन उठून गेलेली. आणि या शेंद्र्याच्या पाहुण्यांचा तर निरोपच होता, ‘इंद्रजीत उंचापुरा आहे, मुलगीही तशीच हवी.’ सारजाबाईंनी शहागंजच्या बाजारातून उंच टाचांच्या सँडल आणल्या. टाचा झाकायला साडी खाली सोडली. मग ध्यानात आलं, घरात सँडल घालून फिरायचं कसं? तेवढ्यात मुलाच्या आईचाच फोन. “तुमच्याकडं बूट बाहेर काढावे लागतात का हो?”

“छे! असलं काय नाय आमच्यात,” सारजाबाईंनी ठोकून दिलं. फोन ठेवून म्हणाल्या, “लई साहेबी थाट हाय मेल्यांचा. पण आपलं काम झालं.”

पाहुणे आत येऊन बसले आणि प्रांजली चहा घेऊन आली. त्या सँडलवर भिंत धरून धरून ती चालायला शिकली होती. आता हातात ट्रे आला आणि भिंत सुटली. नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे पाय लटपटले. टाच फरशीवरून सटकली, कपबशा खळकन् फुटल्या. इंद्रजीत तिला सावरायला झटक्यात उठला, तर त्याचाच घोटा मुरगळला. दोघं एकमेकांचे दंड धरून डुलत राहिले. तिचा भांग त्याच्या कानाशी.

त्याचा एक बूट निघाला. आतून टाचेखाली दडवलेली रबराची जाड पाचर घरंगळत सारजाबाईंच्या पायाशी आली.

मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. सारजाबाईंनी पाचर उचलली, दाबून पाहिली. आता या पाहुण्यांची सालटी निघणार म्हणून घरच्यांनी माना खाली घातल्या. पण सारजाबाई त्या दोघांकडंच बघत होत्या. दोघं हसत होते, आणि दंड अजून कुणी सोडले नव्हते.

“बास झालं सोंग. काढा दोघंबी पायातलं.”

दोघं अनवाणी उभे राहिले. सरळ, न डुलता. तिचा भांग अजूनही त्याच्या कानाशीच.

“पसंत हाय का रं?” इंद्रजीतनं मान डोलावली. “तुला गं?” प्रांजली लाजली.

सारजाबाई मुलाच्या आईकडं वळल्या.

“विहीणबाई, तुमच्याबी चपला ठेवा आता बाहेर. आमच्या घरात पायताण चालत नाय.”