पुढची जागा

कयाकमध्ये बसल्या बसल्या चिमणीच्या लक्षात आलं, आपले पाय पोचत नाहीयेत. पाय टेकवायची पट्टी कुणीतरी वीतभर लांब सरकवली होती.

कयाक म्हणजे दोघींपुरती चिंचोळी होडी, कप्तानची स्वतःची. पुढची जागा चिमणीची, मागची कप्तानची, कॉलेज सुटल्यापासून दर पानगळीला हाच शिरस्ता. चिमणी बुटकी, म्हणून पुढची पट्टी कायम जवळ ओढलेली आणि तिला कुणी हात लावत नसे. खिळखिळी झालीये मेली, असं म्हणत कप्तानने वाकून ती जागेवर आणली. चिमणीला पटलं. न पटायला काय झालं होतं?

दुसऱ्या कयाकमध्ये बाकीच्या दोघी मैत्रिणी, रेडिओ आणि बँकवाली. रेडिओचं तोंड एरवी झोपेतसुद्धा चालायचं, आज सकाळपासून बंद. ऊन कोवळं होतं, पाणी संथ, काठावरची झाडं पिवळी-तांबडी. कितीतरी महिन्यांनी चिमणीला मोकळं वाटत होतं. नवरा दुसऱ्या बाईकडे राहायला गेला तेव्हा ती पार कोलमडली होती. पुन्हा उभी राहिली ती या तिघींच्या जोरावर. तो आम्हाला मेला आणि ती बया तर आमच्या दारात उभी राहायची नाही, असं तिघींनी तिच्या स्वयंपाकघरात बसून ठणकावून सांगितलं होतं. तेवढ्या एका शब्दावर तिने अख्खा उन्हाळा काढला.

मागे कप्तानची कुरकुर चालू होती, वर्षभरात वल्ह्याला हात लागला नाही, तळहातांना फोड येणार. चिमणी हसली. पाण्याची भीती तिला पहिल्यापासूनच. होडी जरा डुचमळली की ती मागे वळायची आणि कप्तान दरवेळी तेच सांगायची, आत्ताही तेच म्हणाली.

"तू पुढे बघ गं. मागे मी आहे."

पुढे नदीचं वळण आलं.

"डावीकडून काढू," कप्तान सहज बोलून गेली. "पलीकडे उजवीकडे झाड पडलंय."

वळण घेतल्यावर झाड दिसलं. भलं थोरलं, पाण्यात आडवं झालेलं. ते पाडणारं वादळ गेल्याच आठवड्यातलं, मुळांची माती अजून ओली होती.

चिमणीने वल्हं मांडीवर ठेवलं. ती पट्टी, हे झाड, रेडिओचं गप्प बसणं, एकाला एक जोडत गेलं.

"कधी आला होतात?"

दुसरी कयाक शेजारी आली होती. रेडिओलाच राहवलं नाही. रविवारी, ती पुटपुटली, आणि पाण्याकडे बघत राहिली.

"माझ्या जागेवर कोण होतं?"

मग कप्तान भराभरा बोलायला लागली. त्याने फार गळ घातली, तिची इथे कुणाशी ओळख नाही, तोंडावर नाही कसं म्हणायचं, तुला दुखवायचं नव्हतं म्हणून बोललो नाही.

"आणि पाण्याला फार घाबरते गं, बिचारी."

घाबरणाऱ्या बाईला कप्तान काय सांगते, हे चिमणीला विचारायची गरज नव्हती. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही, नुसती आग आग होत राहिली.

पुढे वाळूवर उतरून डबे उघडले, तिचा तसाच राहिला. परत निघायच्या वेळी चिमणी उठली आणि सरळ मागच्या जागेवर जाऊन बसली.

अगं, तुला वळवता येत नाही, कप्तान म्हणाली. चिमणीने वल्हं उचललं. कप्तान पुढे जाऊन बसली.

कयाक झोकांड्या खात निघाली. वळणाशी ती थेट झाडाच्या रोखाने सरकायला लागली, तशी कप्तानने दचकून मागे पाहिलं.

"पुढे बघ," चिमणी म्हणाली. "मागे मी आहे."