आईच्या छातीतली धडधड

“आजार तिकडचा असेल, तर औषध इकडचं चालतं का?”

मिलेदीने सरकारी दवाखान्याच्या खिडकीतल्या इल्दाबाईंना विचारूनच टाकलं! मागच्या बाकावर रेनाता आणि बाकीच्या मैत्रिणी तोंडावर हात दाबून हसत होत्या. विचारून दाखव, गरम तळलेल्या एम्पनादा आमच्याकडून, अशी पैज होती.

“चालतं की. पण आधी कार्ड लागतं,” इल्दाबाई म्हणाल्या. “कागद दे.”

घोडं तिथेच अडलं होतं. व्हेनेझुएलाहून येऊन आठ महिने झाले, तरी घरात कुणाचंच सरकारी आरोग्य कार्ड नव्हतं. आई सारखी म्हणायची, छातीत धडधडतं. चर्चच्या दवाखान्यात मिलेदीच तिच्यासोबत गेली होती. “आलीच आहेस तर तुझीही छाती तपासतो,” म्हणाले होते डॉक्टर. तेव्हापासून घरात ऑपरेशनची कुजबुज चालायची. कार्डाशिवाय नंबर लागणार नव्हता. सरकारी खिडकी दिसली की बाबांची बोबडी वळायची, म्हणून बंद पाकीट घेऊन आज मिलेदी आली होती. आधी ती वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायची. आता नाही!

इल्दाबाईंनी कागद वाचले. पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग स्वतःची खुर्ची बाहेर आणून ठेवली.

“बस, पोरी.”

“उभी बरी आहे की मी.”

“बस म्हटलं ना.”

मग त्या बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या.

“काय म्हणाली गं?” बाहेर आल्यावर रेनाताने विचारलं.

“चालतं म्हणाली. काढा एम्पनादा!”

घराच्या टेकडीच्या पायथ्याशी आई भेटली. पिठाची गोण तिने खांद्यावर टाकली. “तू फक्त पाकीट धर.” एकशे चाळीस पायऱ्या. मिलेदी प्रत्येक वळणावर थांबून समुद्र बघत होती. इथला समुद्र गारठलेला, तिकडे त्यांच्या गावचा, कुमानाचा, कसा अंघोळीच्या पाण्यासारखा कोमट.

जेवताना कुमानाच निघालं. रोजच निघायचं.

“दहा वर्षांची घोडी झाली, तरी बाबांच्या खांद्यावर बसून किनाऱ्यावर जायची ही,” आई मक्याच्या पिठाच्या अरेपा थापत म्हणाली.

“मग? उंचावरून मजा यायची!”

“बाकीची पोरं पाण्यात धुडगूस घालायची, आणि ही होडीत बसून पेलिकन मोजायची. गुणाचं माझं बाळ.”

बाबा हसले. मग ताटाकडे बघत बसले. “एकदा हे पार पडलं, की डिसेंबरात जाऊन येऊ. सार्डिन मासे खाऊ पोटभर.”

“बाई काय म्हणाली?” आईने विचारलं. तिचा हात छातीवर गेला होता.

मिलेदीने शेवटचा घास संपवला, बोटं पुसली.

“कार्ड झालं. चौदा तारीख मिळालीय. तुम्हा दोघांची सही लागेल.”

“बरं झालं बाई. माझ्या या धडधडीने...”

“आई, तुझं काळीज ठणठणीत आहे, कळलंय मला. ऑपरेशन माझं आहे, आणि ते मी करून घेणार.”