शेवटचा हुंकार

मुंजाजींचे शिवहार, शिवहारांचे संतराम आणि संतरामांची लेक शिवकन्याबाई. नाथांची पोथी या घराण्यात अशी हातोहात आली. अध्याय संपेपर्यंत वाचणाऱ्याने मान वर करायची नाही, हा घरचा दंडक.

समोरच्या पाटावर बसून ओवीओवीला हुंकार देणारी बाईंची धाकटी प्रियंका शेवटचा अध्याय ऐकण्याआधीच तापाने गेली. “उद्या नक्की वाचते,” हे आईचे वचन तसेच राहिले.

आज भरदुपारी बाईंनी तो अध्याय उघडला. पहिल्याच ओवीला रिकाम्या पाटावरून आवाज आला, “हं.”

बाईंनी मान वर केली नाही. शेवटच्या ओवीवर मात्र त्या बोट ठेवून थांबल्या.

“आई, काहून थांबलीस? मला उशीर होऊन राहिला.”

“वाचते, लेकरा.”

ओवी संपली. हुंकार पाटावरून आला नाही. बाईंच्या मांडीवरून आला.

“फिटलं, आई.”