नदीचं काम

"अगं, पळ ना! नदी आहेस तू. नदी अशी पाय मोजत चालते का कुठं?"

शिवमूर्तीनं चौथ्यांदा सांगितलं आणि रुद्राणी चौथ्यांदा तशीच चालली. मान ताठ, नजर समोर, एक हात डोक्याच्या वर, पावलं अलगद. अंगावर निळी चादर. वसतिगृहातली आपली पांढरी चादर शिवमूर्तीनं निळीत बुडवून आणली होती आणि त्यात गेलेल्या पाण्यापायी या आठवड्यातली एक आंघोळ बुडवली होती. हे त्यानं सकाळपासून तीनदा ऐकवलं होतं.

माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. सकाळपासून माती वाहून वाहून बायका आता जेवणाच्या सुट्टीत बांधाच्या पायथ्याशी टेकल्या होत्या. समोर तलावाचा कोरडा तळ. तिथंच त्यांच्या पोरांचं नाटक व्हायचं होतं. शिवमूर्ती आणि सिंधु ही लातूरच्या कॉलेजातली पोरं दर रविवारी सायकली हाणत इथं यायची. अक्षरं, गाणी, चित्रं, जे येईल ते शिकवायची. लातूर जिल्हा होऊन सात महिने झाले होते. आता सगळंच नव्यानं मांडायचं, असं शिवमूर्तीच्या मनानं घेतलं होतं.

"जिल्हा झाला म्हनं, मास्तर," म्हातारी कोंडाबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "मंग पानी बी नवं येनार का?"

बायका हसल्या. शिवमूर्तीही हसला, पण त्याचं सारं लक्ष नदीकडं होतं. तो रुद्राणीपुढं उकिडवा बसला. "हे बघ. दोन्ही हात पसरायचे, गिरक्या घ्यायच्या, खळखळत यायचं. पाणी कसं येतं, सांग बरं?"

"पानी असंच येतंय, सर," रुद्राणी हळूच म्हणाली.

शिवमूर्तीनं कपाळावर हात मारला. "सिंधु, चादर तारामतीला दे. ती छान गिरक्या घेते."

मुकादमाची तारामती लगेच पुढं आली. रुद्राणीनं चादर दोन्ही मुठींत आवळून धरली. गेले पंधरा दिवस ती झोपेतसुद्धा नदी होत होती. पहाटे विहिरीकडं जाताना नदी, येताना नदी. आज तर तिच्या आईनं, गुरम्मानं, कामावर यायच्या आधी स्वतःच दोन खेपा केल्या होत्या. 'आज पान्याला मी जाते,' म्हणाली होती, 'तू हो नदी.' आता आईदेखत चादर काढून द्यायची? रुद्राणीचे डोळे भरून आले.

सिंधुला ते बघवेना. "एकदा करू दे रे तिला."

"ठीक आहे. पण पळाली नाही, तर तारामती मधूनच चादर घेईल. कळलं?"

रुद्राणीनं मान हलवली.

नाटक सुरू झालं. कडुलिंबाच्या डहाळ्या धरून पोरं झाडं झाली आणि एकेक करून सुकून आडवी पडली. उन्हानं तळ लकलकत होता. पलीकडच्या काठाशी रुद्राणी उभी होती, तिथं जमीन कुठं संपते आणि निळं कुठं सुरू होतं, ते नीट कळत नव्हतं. वारा नव्हता, तरी चादरीची कड हलत होती.

"आली! नदी आली!" झाडं ओरडली.

रुद्राणी पळाली. दोन पावलं, तीन पावलं, चादर मागं फुगली. शिवमूर्तीचा चेहरा खुलला. आणि ती थांबली. तिचा हात आपोआप वर गेला, मान ताठ झाली. त्या थरथरत्या उजेडातून ती एकेक पाऊल जपून टाकत येऊ लागली. खडा आला की वळसा, खळगा आला की क्षणभर थांबणं. डोक्यावर काहीच नव्हतं.

शिवमूर्तीनं दात-ओठ खात तारामतीला खूण केली. तारामती निघाली.

तेवढ्यात कोंडाबाई उठली. ती बरोबर नदीच्या वाटेत बसली होती. हातातली भाकरी तिनं पदरात बांधली, शेजारच्या नातवाचं बखोट धरून त्याला बाजूला ओढलं.

"सरका गं, वाट द्या. लेकरू भरलं घेऊन यायलंय."

बायका उठल्या. गाठोडी उचलली, टोपल्या सरकवल्या, पोरांना मागं घेतलं. भरल्या घागरीला वाट द्यायची, हे त्या माळावर कुणाला शिकवावं लागत नाही. कुणी हसलं नाही. तारामती चादरीपर्यंत पोचली होती. तीही एक पाऊल बाजूला झाली. मधे वाट मोकळी झाली आणि त्या वाटेनं निळी रुद्राणी चालत राहिली.

शेवटी गुरम्मा उभी होती. रुद्राणी तिच्यापुढं येऊन थांबली आणि रोजच्यासारखी गुडघ्यांत किंचित वाकली. गुरम्मानं दोन्ही हात वर केले, लेकीच्या डोक्यावरचं ओझं अलगद उतरवून घेतलं, एक हात बुडाशी लावला आणि मातीवर जपून टेकवलं.

शिवमूर्ती तिथंच उभा होता.

"मास्तर," कोंडाबाई म्हणाली, "पाय बघा, लवंडंल."

त्यानं झटकन पाय मागं घेतला.